एका कोयत्याच्या दोन डब्या

गोळ्या बंद केल्या, असं आमच्याकडे येऊन कुणीच सांगत नसे. माणूस समोर बसलेला असायचा, गळ्याची हाडं वर आलेली, जिभेवर पांढरा थर, आणि तोंडानं मात्र, "चालू हायेत की म्याडम, एक दिस चुकला न्हाई." मी एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात समुपदेशक होते. लोक त्याला नुसतं 'सेंटर' म्हणतात, मीही तेच म्हणेन. बीड जिल्ह्यातल्या कुठल्या गावचं सेंटर ते सांगणार नाही. माझे पेशंट अजून तिथं जातात आणि दिवाळी अंक वाचणारी माणसं फार चौकस असतात. माणसांची नावंही त्याच कारणानं बदलली आहेत.

समुपदेशक म्हणजे काय, हे मी माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटवू शकले नाही. "नुसतं बोलायचं? आणि त्याचा पगार देतात?" देत होते, कंत्राटी का होईना. आमच्या कामाचा एक नियम मात्र बाहेरच्यांना विचित्र वाटेल. सेंटरच्या फाटकाबाहेर आम्ही पेशंटला ओळखत नाही. लग्नात, बाजारात, एसटीत अगदी समोरासमोर आलो तरी आपण मान फिरवायची, त्यानं आधी ओळख दिली तरच बोलायचं. कारण मी कुठं काम करते हे गावाला ठाऊक असतं. मी ज्याला हसून नमस्कार करेन त्याच्या दारात उद्या कुजबुज सुरू होणार. इतकी वर्षं मान फिरवून फिरवून मी आमच्या भावकीत शिष्ट म्हणून प्रसिद्ध झाले आहे. आता निवृत्त झाले तरी ती सवय जात नाही.

दर खेपेला पेशंटनं डबीतल्या उरलेल्या गोळ्या आणायच्या आणि आम्ही त्या मोजायच्या, अशी पद्धत. जास्त उरल्या म्हणजे चुकवल्या. आमची माणसं अडाणी असतील, पण खुळी नाहीत. एकदा झाडणाऱ्या मावशी सुपलीत ओंजळभर गोळ्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मागच्या लिंबाला फळं आली बघा." आत येण्याआधी लोक इमारतीच्या मागं जाऊन, उरलेल्या गोळ्या लिंबाखाली टाकून, हिशोब जुळवून येत होते. मी हसले खरी, पण नंतर दिवसभर जेवण गेलं नाही. रोगापेक्षा माणसाला आमच्या बोलण्याची भीती जास्त वाटत होती.

गोळी सुटायला कारण लागतंच असं नाही. बरं वाटणं हेच सगळ्यात मोठं कारण. एक पेशंट कपिलधारला धबधब्याखाली उभा राहिला, अंग हलकं झालं, आणि घरी येऊन त्यानं डबी फेकून दिली. धारेखाली उभं राहिल्यावर अंग कुणाचंही हलकं होतं, पण हे त्याला कोण सांगणार? एक बागायतदार पुढारी होते. ते माझ्या खोलीत हेल्मेट घालूनच बसत. काच खाली, आतून आवाज, "म्याडम, आपलं तेवढं पटकन." निवडणूक लागली आणि त्यांची गोळी बंद झाली, कारण दिवसभर भोवती माणसं, एक गोळी गिळायला एकांत मिळेना. निवडून आले आणि पुढं कमरेला नागीण घेऊन आमच्याकडे आले. त्या दिवशी हेल्मेट काढलं होतं, दुखण्यापुढं भान राहिलं नव्हतं.

पण आमच्या जिल्ह्यात गोळी सुटायची खरी वेळ म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या आगंमागं गावंच्या गावं रिकामी होतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्या मधल्या काळात कोण कुठल्या फडात आहे ते देवाला ठाऊक. आम्ही जाताना जास्तीच्या गोळ्या द्यायचो, कारखान्याजवळच्या सेंटरसाठी चिठ्ठी द्यायचो. तरीही उन्हाळा सरता सरता आमच्या बाकावर गोळी सुटलेली माणसं येऊन बसायची.

पुन्हा सुरू करणं म्हणजे काय ते इथं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस धडधाकट असेल तर सोपं असतं. डॉक्टर तपासतात, खोकला, ताप, घटलेलं वजन, डोकेदुखी असं काही नाही ना ते बघतात, रक्त घेतात, आणि त्याच दिवशी गोळी हातात देतात. रागवायचं नाही, पुन्हा यायला लावायचं नाही. पण माणूस आजारी असेल तर घाई करायची नाही. मधल्या काळात अंगातली ताकद गेलेली असते आणि टीबी किंवा मेंदूच्या आवरणातला एखादा आजार गुपचूप आत शिरलेला असतो. तो आधी शोधायचा, त्यावर आधी औषध द्यायचं, आणि काही आठवड्यांनी ही गोळी. नाहीतर गोळीनं ताकद एकदम जागी होते आणि आतल्या आजारावर तुटून पडते. चोर आणि झोपेतून उठलेला मालक अंधारात भिडले की भांडी फुटतात ती घरातलीच. हे मी शेकडो जणांना याच शब्दांत सांगितलं असेल. कौसाला पण सांगितलं होतं.

कौसा आणि बन्सी हे धारूरकडच्या एका वस्तीवरचं जोडपं. दोघंही पेशंट, दोघंही ऊस तोडणारे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. दोघांतलं एकच असेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. कौसा पहिल्यांदा गोळ्या घ्यायला आली तेव्हा टेबलावरच्या दोन डब्या बघून म्हणाली होती, "ताई, आमचा कोयता तर एकच हाय. मंग डब्या दोन कावून?" मी हसले. बन्सी पण खाली बघून हसला. तो कमी बोलायचा. त्याच्याही वाटचं तीच बोलायची आणि तो मान हलवायचा. त्याची प्रकृती पहिल्यापासून तोळामासाच होती, पण गोळ्यांनी चांगला सावरला होता. दोघं वेळेवर येत. त्यांच्या गोळ्या लिंबाखाली कधी गेल्या नसाव्यात.

एका वर्षी ती दोघं हंगामाहून परत आली, पण सेंटरला आलीच नाहीत. फोन लावला तर दुसऱ्याच कुणीतरी उचलला. आमच्या धंद्यात फोनवर "मी अमुक ठिकाणाहून बोलते" म्हणायची सोय नाही, त्यामुळे "चुकून लागला" म्हणून ठेवून दिला. पेरण्या उरकल्यावर एक दिवस कौसा आली, एकटीच. चेहरा उतरला होता. बसल्या बसल्या म्हणाली, "दोघांच्या बी डब्या द्या ताई, म्या घिऊन जाते."

"बन्सी कुठंय?"

"घरीच हायेत. जरा कणकण हाय अंगात. डोकं दुखतंय म्हनत्यात."

"गोळ्या चालू आहेत?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "न्हाईत." इतक्या वर्षांत असं सरळ सांगणारी ती एखाद-दुसरीच.

झालं होतं ते असं. फडावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, हलवताना बन्सीची डबी गोधडीतून पडली आणि टोळीतल्या एकाच्या हाती लागली. त्यानं चारचौघांत विचारलं, ही कुणाची? बन्सी म्हणाला, माझी न्हाई. मग त्या माणसानं ती कालव्यात भिरकावली. कौसाच्या गोळ्या मात्र तिनं मिश्रीच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"बाईच्या मिश्रीला कोन हात लावतंय?" ती म्हणाली. "म्हून माज्या तेवढ्या ऱ्हायल्या."

"आणि मग?"

"मंग काय. आर्धी तेनला, आर्धी मला. कोयत्यानंच तुकडा पाडायचा."

"अगं, तिथं जवळ सेंटर होतं. चिठ्ठी दिली होती ना मी?"

"जायाचं म्हंजी खाडा आला, ताई. एकानं खाडा केला की कोयताच बंद पडतो. आन् मुकादमाला काय सांगावं, कुठं गेलतो म्हून?" ती म्हणाली. "दोगं मिळून एकच हाव ना आमी. म्हनलं, आर्धी आर्धी भागंल."

मला राग येणं शक्यच नव्हतं. ज्यांना सगळ्या जगानं मिळून एक माणूस म्हणून मोजलं, त्यांनी एकाची गोळी दोघांत वाटली, यात त्यांचं काय चुकलं? तुकडे संपले आणि दोघांचंही औषध थांबलं. गावी आल्यावर आता म्याडम काय म्हणतील म्हणून दोघं घरात बसून राहिले.

मी तिला समजावलं. "कपाशीवर अळी पडली आणि तू अर्धंच औषध मारलंस तर काय होतं?"

"अळी मरत न्हाई. वर आनिक ढीट व्हती."

"मग हे तसंच आहे. अर्ध्या गोळीनं एकाचंही भागत नाही, आणि रोग मात्र औषधाला सरावतो. घ्यायची तर अख्खी घ्यायची."

तिनं मान हलवली. तिला ते चांगलं समजलं, मला वाटलं होतं त्यापेक्षाही चांगलं. डॉक्टरांनी तिला तपासलं. ताप नाही, खोकला नाही. तिची डबी त्याच दिवशी दिली. बन्सीची मात्र दिली नाही. ताप आणि डोकेदुखी असताना न तपासता गोळी दिली तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, चोराची आणि मालकाची गोष्टही सांगितली. उद्याच्या उद्या त्याला घेऊन ये, सरकारी गाडी पाठवू का, विचारलं. ती घाईनं नको म्हणाली. गाडी दारात आली की वस्ती गोळा होणार.

"ही डबी तुझी," मी म्हणाले. "यातली एकसुद्धा त्याला द्यायची नाही."

"बरं."

'बरं' पुष्कळ तऱ्हेचं असतं. ऐकलं असं सांगणारं एक असतं, आणि आता सोडा मला असं सांगणारं दुसरं. हे दुसरं होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं. म्हणून ती दोन दिवस आली नाही तेव्हा आमच्या फिरतीवरच्या ताईंना मी तिच्या वस्तीवर पाठवलं. बचत गटाच्या बाई म्हणून त्या गेल्या. कौसा दारातच उभी राहिली, आत बोलावलं नाही. "आमचे मालक उमापूरला गेल्यात, बहिनीकडं," म्हणाली. बन्सी आत अंथरुणावर होता, हे पुढं कळलं.

तीनेक आठवड्यांनी कौसानं त्याला आणलं तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. मोठ्या दवाखान्यात भरती केलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं तर मेंदूच्या आवरणाचा आजार निघाला. त्याचं औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. तो गेला. सोबत फक्त कौसा होती, गावातलं कुणी आलं नव्हतं. काय आजार म्हणून सांगायचं हे न सुचल्यामुळे तिनं कुणाला कळवलंच नव्हतं.

तेरावं झाल्यावर ती सेंटरला आली. डबी टेबलावर ठेवली. जवळजवळ रिकामी होती.

"ताई, खरं सांगा. माज्या गोळीनं गेले का ह्ये?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. ती त्याला रोज गोळी देत होती, आणि अर्धी देत नव्हती. "तुमीच म्हनला न्हवं, आर्धीनं भागत न्हाई? म्हून या बारीला अख्खी दिली. म्या घेतली न्हाई. पयले चार-पाच दिस बरे व्हते की. भाकर मागून घेतली. मंग डोकं लईच धरलं."

मी काही चूक सांगितलं नव्हतं. तरी ते वाक्य आजही मला भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना आठवतं. तिनं माझी शिकवण जशीच्या तशी पाळली होती, फक्त स्वतःला त्यातून वगळलं होतं.

तिला खोटं सांगणं सोपं होतं. पण खोटं पकडलं गेलं असतं तर ती परत कधीच आली नसती, आणि खरं ऐकून त्या गोळीला हात लावेल का, हेही सांगता येत नव्हतं. माझ्यापुढं आता बन्सी नव्हता, कौसा होती. रोग तिच्या अंगात मोकळा फिरत होता आणि ती कितीतरी दिवस बिनऔषधाची होती. मी म्हणाले, "आजार त्याच्या डोक्यात आधीच होता. गोळीनं तो आला नाही. पण ती तेव्हा द्यायची नव्हती, हे खरं आहे. नुसतं घरात ठेवलं असतंस तरी तो वाचला नसता. इथं आणलं असतंस तर कदाचित वाचला असता, कदाचित नसता. ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही."

ती उठली. डॉक्टरांना दाखवून नवी डबी घेऊन जा म्हणाले, ती थांबली नाही. "लई उपकार झाले," म्हणून निघून गेली. ते टोमण्यानं म्हणाली की मनापासून, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढं ती येईना. आमच्या ताई दोनदा जाऊन आल्या, दार बंद. शेवटी मी धारूरच्या बाजाराच्या दिवशी तिकडं गेले. सेंटरचं काम म्हणून गेले नाही, रजा टाकून गेले. ती बाजाराला येते हे मला तिच्याच बोलण्यातून माहीत होतं. कांद्याच्या ढिगापाशी दिसली. खंगली होती. तिनं मला बघितलं आणि मान फिरवली. आमचाच नियम, आम्हीच शिकवलेला. मीही तिच्या शेजारी वाकून कांदे निवडू लागले. दोघी कांद्यांकडे बघत होतो.

"कशी आहेस?" मी हळूच विचारलं.

तिनं एक कांदा उचलला. तो चाचपत म्हणाली, "आता कुनासाटी घिऊ?"

"तुझ्यासाठी."

"माज्या एकलीसाटी?" जणू मी काहीतरी उधळपट्टी करायला सांगत होते. "मुकादम म्हनला, आर्धा कोयता मी काय करू घिऊन."

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. बोलण्याचाच तर पगार घेत होते. पण कांदेवाला आमच्याकडे बघायला लागला होता. "ये तू," एवढंच म्हणाले. तिनं कांदे पदरात घेतले आणि गेली. मी नको असलेले कांदे घेऊन एसटीत बसले आणि धारूरचा घाट उतरेपर्यंत रडले. शेजारच्या बाईला वाटलं, कांद्यांनी.

दसरा झाला. टोळ्या निघायच्या गडबडीत एक दिवस बाकावर कौसा बसलेली दिसली. मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं. शेजारच्या वस्तीवरची एक विधवा आणि ती, अशा दोघी मिळून मुकादमाकडे गेल्या होत्या. कुरकुरत का होईना, त्यानं दोघींचा एक कोयता धरला होता. "ती तोडनार, म्या मोळ्या बांधनार," म्हणाली. "मंग मी पडले तर तिचा बी कोयता बुडायचा." हे कारण तिला पटलं होतं. मला ते फारसं आवडलं नाही. स्वतःसाठी म्हणून ती आली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मिळेल त्या कारणावर काम भागवायचं, हे या नोकरीत मी शिकले होते.

तिला थोडा खोकला होता. म्हणून डॉक्टरांनी गोळी लगेच दिली नाही. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला, डोकं दुखतं का ते खोदून खोदून विचारलं, रक्त घेतलं. ती निमूटपणे खेटे घालत राहिली. या वेळी थांबायला का सांगतात, हे तिला सांगावं लागलं नाही. सगळं स्वच्छ निघालं तेव्हा गोळी लिहून दिली. अर्ध्या गोळ्यांच्या काळात तिचा रोग औषधाला सरावला आहे की काय, हे पुढं काही महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजल्यावरच कळणार होतं. ती हंगामाहून परतण्याआधीच मी निवृत्त झाले. तो निकाल मला माहीत नाही. निवृत्त माणसाला तो विचारायचा अधिकार नसतो आणि नसावाही. गेल्या उन्हाळ्यात बाजारात तिच्यासारखी कुणीतरी पाठमोरी दिसली, तेव्हा मी सवयीनं मान फिरवली.

पुन्हा सुरुवात करणाऱ्यानं पहिली गोळी आमच्यासमोर घ्यावी, असं मी करत असे. त्या दिवशीही मी पाण्याचा पेला पुढं ठेवला. कौसानं गोळी तळहातावर घेतली आणि नुसती बघत बसली. बाजूची खुर्ची रिकामी होती. दर खेपेला बन्सी तिथं बसायचा.

"अख्खी?" तिनं विचारलं.

"अख्खी."

तिनं ती जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि थांबली. चव बघत असल्यासारखी. तुकडा पाडला की गोळीवरचं आवरण जातं आणि आतलं औषध जिभेला लागतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. इतक्या दिवसांत, दवाखान्यात नाही, तेराव्यानंतर नाही, माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली.

"इसरलेच व्हते, ताई," ती म्हणाली. "अख्खी कडू लागत न्हाई."